जन्मजात जादू आणि उणे गुणांची खातेवही

कविता, कथा, आत्मकथन आणि नाटक यांची झडती दलित समीक्षेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत कसून घेतली. पुराणांची घेतली, पाठ्यपुस्तकांची घेतली, चित्रपटांचीही घेतली. खेळ मात्र तिच्या हातून सुटला. खेळ म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत त्यामागे असावी. ज्या मुलखात मोक्षपटाच्या घराघरांवर पापपुण्य लिहून, साप आणि शिड्या काढून पोरांच्या बोटांना कर्मसिद्धान्ताची सवय लावली गेली, त्या मुलखातील समीक्षकाला ही समजूत परवडणारी नाही. फासा टाकणारे मूल नुसते खेळत नसते. जग कसे चालते याविषयीचा एक नियम ते मान्य करीत असते.

मी ज्या खेळांविषयी लिहिणार आहे ते आपल्या मातीतले नव्हेत. ते अमेरिकेत जन्मले. त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मी त्यांना भूमिकाखेळ म्हणेन. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो. गाव, जंगल, राजा, चोर, पाऊस हे सगळे तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. पात्र काय करते ते खेळाडू बोलून सांगतो आणि ते साधले की नाही हे फासे ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर त्याचे बळ, बुद्धी, वंश, पेशा, शक्ती आणि उणिवा आकड्यांत लिहिलेल्या असतात. पट असला तर असतो. खरा खेळ बोलण्यात आणि त्या कागदात आहे. आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहातील काही विद्यार्थी गेली तीनचार वर्षे हे खेळ खेळतात. त्यांच्या बैठकींना मी बसलो आणि त्यांची जाडजूड पुस्तके वाचली, कारण कागद भरताना विचारला जाणारा पहिला प्रश्न माझ्या ओळखीचा होता : तुझा जन्म कोणता?

हा प्रश्न आपल्याला शाळेच्या दाखल्यावर, भाड्याच्या खोलीच्या दारात, नोकरीच्या पहिल्या दिवशी आडनाव विचारण्याच्या निमित्ताने विचारला गेला आहे. येथे तो आनंदाने विचारला जातो आणि उत्तर आपण निवडायचे असते. ज्याला आपला जन्म निवडता आला नाही आणि लपवताही आला नाही, त्याला या निवडीचे सुख काय वाटत असेल हे मी समजू शकतो. पण निवडीसाठी मांडून ठेवलेले जन्म घडवले कसे आहेत? जन्मासोबत मिळणारी शक्ती कोणती, आणि तिच्यासोबत येणारी उणीव कोणी लिहिली व कोठे लिहिली? माझा प्रश्न एवढाच आहे.

छापून विक्रीस आलेला पहिला भूमिकाखेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. साल १९७४. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप हे सहा गुण प्रत्येकी तीन फासे टाकून ठरत. हे नोंदवून ठेवतो, कारण त्याचे महत्त्व पुढे लागेल : फाशावर पडलेला जन्म हा निव्वळ योगायोग असतो. अठरा पडले म्हणून कोणी पुण्यवान ठरत नाही, तीन पडले म्हणून पापी ठरत नाही.

पण फासे टाकून झाले की वंश येई. ड्वार्फ म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारा बुटका. त्याला जन्मतः जादूचा प्रतिकार करता येई, दगडी बांधकामातले सापळे ओळखता येत. त्या बदल्यात त्याला योद्ध्याचाच पेशा, आणि तोही सहाव्या पातळीपर्यंत. हाफलिंगला चौथ्या पातळीपर्यंत. माणसाला मर्यादा नव्हती. १९७८च्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत या मर्यादांचे सविस्तर तक्ते आले. त्यातला हाफ-ऑर्क पाहावा. ऑर्क हा या खेळातला रानटी शत्रू. माणूस आणि ऑर्क यांच्या संबंधातून जन्मलेला तो हाफ-ऑर्क. त्याला बळ जास्त, काटकपणा जास्त, अंधारात दिसते; छाप मात्र कमी. धर्मगुरू व्हायचे तर चौथ्या पातळीला थांबायचे, चोर व्हायचे तर आठव्या, योद्धा व्हायचे तर दहाव्या. एकाच पेशात त्याला वर चढायला आडकाठी नव्हती : मारेकऱ्याच्या. त्याच पुस्तकात कोणता वंश कोणत्या वंशाकडे कसा पाहतो, कोणाचे कोणाशी सख्य, कोणाला कोणाचा तिटकारा, याचाही एक तक्ता आहे. आणि माणूस असलेल्या स्त्रीच्या बळाला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा आहे. जन्माची उतरंड एकदा मांडायला घेतली की बाई तिच्यातून सुटत नाही, हे आपल्याला नवीन नाही.

गायगॅक्सची बाजूही सांगायला हवी. त्याला माणसाच्या वर्चस्वाचे जग हवे होते. इतर वंशांना जन्मजात शक्ती आहेत. मर्यादा नसती तर माणूस कोणी निवडलाच नसता, म्हणून तोल साधण्यासाठी मर्यादा. खेळ म्हणून हे पटते. पण तोल साधण्याची रीत पाहा. शक्ती पहिल्या दिवशी हातात मिळते, मर्यादा फार पुढे आडवी येते. बरोबरीने लढलेले, बरोबरीने जखमी झालेले चार सोबती एका टप्प्यावर येतात आणि त्यांच्यातला एक तेथेच थांबतो, कारण त्याच्या वंशाची पातळी संपली. सरकारी कचेरीत शिरलेल्या आपल्या पहिल्या पिढीला बढतीच्या उंबऱ्यावर जे समजले, ते या तक्त्यात उघड छापलेले आहे. कचेरीत ते छापलेले नसते, एवढाच फरक.

१९८१च्या 'बेसिक' संचात तर आडपडदाच उरला नाही. तेथे माणसाला पेसा निवडता येतो. ड्वार्फ, एल्फ आणि हाफलिंग यांचा वंश हाच त्यांचा पेशा. कागदावर दोन्हींसाठी एकच शब्द. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते. अमेरिकेतल्या या पुस्तकाच्या कर्त्यांच्या मनात भारताची जात नसणार. नियम सोपे करायला बसलेल्या माणसांनी सुटसुटीत म्हणून जी वाट निवडली ती वर्णव्यवस्थेपाशी येऊन थांबली, हे मला अधिक विचार करायला लावणारे वाटते.

भारताची आठवण मात्र त्यांनी दुसरीकडे ठेवली आहे. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, म्हणजे राक्षसांच्या कोशात, आपला राक्षस त्याच नावाने आला आहे. तो मूळचा भारतातला असे तेथे म्हटले आहे. चित्रात वाघाचे तोंड, अंगावर उंची वस्त्रे. तो नरमांस खातो. समोरच्याच्या मनातले ओळखून त्याला विश्वासू वाटेल असे रूप घेण्याची शक्ती त्याला जन्मतः आहे. साध्या शस्त्राने त्याला इजा होत नाही. आणि उणीव? पुरोहिताने आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, दैत्य-राक्षस म्हणून रंगवलेले लोक म्हणजे या भूमीचे मूळ धनी होत असे मांडले. ते वाचून हा कोश उघडला की बाण कोणाच्या भात्यातला आहे हे विचारावेसे वाटते. शक्ती राक्षसाची, पण तिची उणीव पुरोहिताच्या हातात. आणि लिहिली मात्र राक्षसाच्या देहावर.

ड्रोचेही तसेच. ड्रो हे जमिनीखाली राहणारे काळ्या कातडीचे एल्फ. दुष्ट म्हणूनच ते खेळात आले. १९७८च्या साहसकथांतून गायगॅक्सने त्यांना पुढे आणले. अंधार पाडणे, नाचते दिवे दाखवणे, शत्रूच्या अंगावर प्रकाशाची रेघ उमटवणे या त्यांच्या जन्मजात जादू. उणीव अशी की उजेड त्यांना सोसत नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत, ड्रो खेळाडूचे पात्र झाल्यावरही, थेट उन्हात त्याचा नेम चुकण्याची शक्यता वाढते. पेशवाईतल्या पुण्यात सकाळी व उतरत्या दुपारनंतर अस्पृश्याला वेशीच्या आत बंदी होती, कारण तेव्हा सावली लांब पडते, अशी नोंद इतिहासाच्या पुस्तकांत आहे. तेथेही सूर्यच साक्षीला होता. पण ती बंदी माणसांनी घातली होती; म्हणून ती माणसांना मोडता आली. ड्रोच्या कागदावर ती डोळ्यांचा दोष म्हणून येते. दोष देहात लिहिला की बंड कोणाविरुद्ध करायचे? सूर्याविरुद्ध?

ऑर्कच्या बाबतीतला एक तपशील येथे सांगतो, थोडा विनोदी आहे. १९७७च्या कोशात ऑर्कचा स्वभाव कायदा पाळणारा पण दुष्ट असा आहे. २०००च्या आवृत्तीत तो कायदा न मानणारा पण दुष्ट झाला. मधल्या तेवीस वर्षांत त्याचा शिस्तीशी असलेला संबंध पूर्ण पालटला, दुष्टपणा तेवढा जागचा हलला नाही.

त्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीचे श्रेय मात्र द्यायलाच हवे. तिने वंशाच्या पातळीमर्यादा साफ काढून टाकल्या. कोणत्याही वंशाने कोणताही पेशा घ्यावा, शेवटच्या पातळीपर्यंत जावे. आणि त्याच पुस्तकाने सॉर्सरर हा नवा पेशा आणला. आजवर या खेळातला जादूगार हा विझर्ड होता. तो जादू शिकतो. त्याच्याजवळ मंत्रांची वही असते. रोज सकाळी ती उघडून अभ्यास करावा लागतो. वही हरवली की तो जवळजवळ निःशस्त्र. दुसऱ्याची वही मिळाली तर तिच्यातून नवे मंत्र उतरवून घेता येतात. सॉर्सररला वही लागत नाही. जादू त्याच्या रक्तातच असते. त्याच्या पूर्वजांत ड्रॅगनचे रक्त मिसळले आहे असा समज. तो अभ्यासाविना मंत्र टाकतो आणि दिवसभरात विझर्डपेक्षा जास्त वेळा टाकतो. उणीव ही की त्याला मंत्र मोजकेच येतात, वरच्या दर्जाचे मंत्र एक पातळी उशिरा मिळतात, आणि कितीही ग्रंथ पुढे टाकले तरी त्यांतून त्याला भर घालता येत नाही. २०१४च्या आवृत्तीत आणखी एक जात आली, अनावर जादूची : मंत्र टाकल्यावर वीस बाजूंच्या फाशावर एक पडला तर पन्नास ओळींच्या तक्त्यातून काहीही घडते, तो कुंडीतले झाड बनतो, नाही तर आगीचा गोळा त्याच्याच पायाशी फुटतो.

विद्यार्थ्यांना सॉर्सरर आवडतो. बंडखोर वाटतो, घोकंपट्टी करीत नाही. मला विझर्ड आवडतो हे सांगून टाकतो. त्याच्या उणिवा माणसाच्या उणिवा आहेत : झोप हवी, उजेड हवा, वही हवी. वही ही मिळवण्याची, उतरवून घेण्याची, दुसऱ्याला देण्याची वस्तू आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या हाती पाटी येऊ नये म्हणून शास्त्रे रचली गेली, त्यांना रक्तातल्या विद्येचे कौतुक वाटण्याचे कारण नाही.

पण माझा मुख्य आक्षेप आवडीनिवडीचा नाही. खेळ रक्त आणि वही यांना दोन स्वतंत्र वाटा मानतो व दोघांचा तोल साधतो. आपल्याकडे त्या दोन वाटा कधी नव्हत्या. रक्त हे वहीच्या दारावरचे पहारेकरी होते. शंबूक वहीच्या वाटेने गेला आणि त्याचा शिरच्छेद रक्ताच्या नावाने झाला. एकलव्य कोणत्याही तक्त्याप्रमाणे विझर्डच ठरेल : गुरूविना, केवळ अभ्यासाने त्याने विद्या कमावली. त्याची उणीव, तो कापलेला अंगठा, विद्येच्या पोटातून आली नाही. ती बाहेरून लादली गेली. आणि कर्ण? कवचकुंडले घेऊन जन्मलेला, आपल्या परंपरेतला अस्सल जन्मजात शक्तीचा मनुष्य. त्याला भोवले ते कवच नव्हे. त्याला भोवला तो रंगभूमीवर विचारलेला कुळाचा प्रश्न. शक्तीला तिची स्वतःची किंमत असते हे भूमिकाखेळाचे गृहीतक या तिघांपैकी एकालाही लागू पडत नाही. त्यांना किंमत मोजावी लागली ती शक्ती असूनही जन्म चुकीचा म्हणून.

सॉर्सरर आणणाऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकी एक जोनाथन ट्वीट. त्याने १९८७ साली मार्क राइन-हेगन यांच्यासोबत 'आर्स मॅजिका' हा खेळ रचला होता. जन्मजात जादूच्या उणिवेचा इतका खोल विचार मी दुसऱ्या खेळात पाहिला नाही. हा खेळ तेराव्या शतकातल्या कल्पित युरोपात घडतो. जादू शिकता येते, पण जन्मतः ती देणगी असेल तरच. आणि देणगी असलेल्या माणसाजवळ साध्या माणसांना अस्वस्थ वाटते. कारण सांगता येत नाही, पण त्याचा भरवसा वाटत नाही. कुत्रे गुरगुरते, घोडा बिथरतो. लोकांशी बोलण्याच्या प्रत्येक प्रसंगी पाचव्या आवृत्तीत त्याला तीन गुण वजा होतात. देणगी फार ठळक असेल तर सहा. म्हणून जादूगार गावाबाहेर आपापले मठ करून राहतात. एकमेकांचाही त्यांना असाच संशय आला असता. तो टाळण्यासाठी सुद्धा त्यांच्या संघाने एक संरक्षक विद्या शोधली आहे.

गावाबाहेर राहणारा, ज्याच्या नुसत्या जवळ येण्याने गावकऱ्याच्या अंगावर काटा येतो असा माणूस! हे वाचताना माझ्यासारख्या वाचकाचा हात थबकतो. ज्यांनी हे लिहिले त्यांना दुराव्याची मानसिकता कळली आहे. कारण नसलेला संशय, जनावरापर्यंत पोचलेली शिसारी, ती टाळण्याचे खास उपाय. सगळे कळले आहे, फक्त माणूस चुकला आहे. कारण या मठात पाणी कोण भरते? पहारा कोण देते, जखमा कोण झेलते? त्यासाठी 'ग्रॉग' नावाची पात्रे आहेत : शिपाई, नोकर, स्वयंपाकी. जादूगार खेळाडूचा स्वतःचा असतो. ग्रॉग सगळ्यांचे सामाईक, जो लागेल त्याने वापरावा. बहिष्कृताचे दुःख धन्याला दिले आणि बहिष्कृताचे काम ग्रॉगला. जादूगार गावात गेला नाही म्हणून त्याची भाकर अडत नाही. गाव त्याला भितो. आपल्याला गाव भीत नव्हता, आपल्याला राबवीत होता आणि वर आपला विटाळ मानीत होता.

सामर्थ्यवान म्हणूनच छळलेला माणूस ही पाश्चात्त्य अद्भुतकथेची आवडती प्रतिमा आहे. ब्रिटनमधल्या 'वॉरहॅमर' या १९८६ पासूनच्या भूमिकाखेळातही परवाना नसलेल्या जन्मजात जादूगाराच्या मागे चेटूकशोधे लागतात. ज्याला एकाकी वाटते त्या तरुण वाचकाला तिच्यात आपला चेहरा दिसतो, म्हणून ती टाकाऊ नाही. पण तिच्या पोटात एक खोटी सांत्वना आहे : तुला बाहेर ठेवले ते तू थोर आहेस म्हणून. आपल्यातलेही काही जण या सांत्वनेला भुलतात. आम्ही थोर होतो म्हणून बाहेर ठेवले, हे म्हणण्याची गरज नाही. थोर नसतो तरी बाहेर ठेवण्याचा अधिकार कोणाला नव्हता.

आता खातेवहीकडे येतो. १९८६ साली अमेरिकेत स्टीव्ह जॅक्सन यांनी 'गर्प्स' हा खेळ काढला. त्यात गुण फाशाने ठरत नाहीत, विकत घेतले जातात. प्रत्येकाला सारखे भांडवल मिळते. शक्ती घेतली की ते खर्ची पडते, उणीव घेतली की जमा होते. २००४च्या चौथ्या आवृत्तीतला दर सांगतो. मंत्रशक्तीची जन्मजात देणगी, तिची प्राथमिक पायरी धरून पहिल्या दर्जापर्यंत, १५ गुणांना. आणि उणिवांच्या यादीत आंधळेपणा, भित्रेपणा, कर्ज यांच्या सोबत 'सामाजिक कलंक' ही एक उणीव आहे. दुय्यम नागरिक : उणे ५. अल्पसंख्य गटातला : उणे १०, परक्यांच्या प्रतिक्रियेत दोन वजा, आपल्या गटात दोन अधिक. राक्षस समजला जाणारा : उणे १५, प्रतिक्रियेत तीन वजा. म्हणजे राक्षसपणाचा कलंक पत्करला की मंत्रशक्तीची किंमत बरोबर फिटते. खाते शून्यावर येते.

या पुस्तकाचे मला आधी कौतुक सांगायचे आहे. कलंक ही समाजाने दिलेली उणीव आहे, अंगची नव्हे, हे त्याने नावातच मान्य केले. ती किती खोल जाते हे मोजण्याचा प्रयत्न केला. दुय्यम नागरिक आणि राक्षस यांत फरक केला. क्रमिक विषमतेची ही निदान जाण आहे. जी उणीव खेळताना भोगावी लागत नाही तिचे गुण मिळू नयेत, हा दंडकही असल्या खेळांत सर्वत्र आहे, आणि तो न्याय्य आहे.

तरीही एका बैठकीत या पानावर वाद झाला. एका विद्यार्थ्याने कलंकाचे दहा गुण जमा करून घेतले तेव्हा दुसरा हसून म्हणाला, "हे तर आरक्षणच झालं." टेबलावर क्षणभर शांतता पसरली. मग एक मुलगी, वस्तीतून आलेली, शिकणारी घरातली पहिली, सहज बोलावे तशी म्हणाली, "फरक आहे. इथं उण्याचे गुण रोख मिळतात. माझ्या आजीला कुठं मिळाले?"

त्या वाक्यात या सगळ्या पद्धतीची समीक्षा आहे. खातेवहीत उणे आणि अधिक एकाच क्षणी, एकाच पानावर लिहिले जातात. खेळ सुरू होण्यापूर्वी सगळे समान असतात. समाजात उणे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आणि अधिकाची बाजू कोरी राहिली. १९५० साली संविधानाने त्या बाजूला पहिले काही आकडे लिहिले, तेव्हा ज्यांच्या पानावर फक्त अधिकच होते ते तोल बिघडल्याची तक्रार करू लागले. योगायोग पाहा : चौथ्या आवृत्तीची शिफारस आहे की उणिवांतून मिळवलेले गुण सुरुवातीच्या भांडवलाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत. १९९२च्या इंद्रा साहनी निकालातली मर्यादाही तेवढीच. पण खेळात मर्यादा ओलांडायची नसेल तर पुढची उणीव घेणे नाकारता येते. वस्तीत जन्मलेल्या मुलाला पन्नास टक्क्यांवर उणिवा थांबवता येत नाहीत.

आणि ही खातेवही आपल्याकडे नवी नाही. कर्मसिद्धान्त हा तिचाच जुना अवतार. तो म्हणतो, तुझे आजचे उणे हे मागच्या जन्मीच्या खर्चाची वसुली आहे. गर्प्स म्हणतो, तुझे उणे ही तुझ्या शक्तीची किंमत आहे. दोघांचाही आग्रह की बेरीज शून्य येतेच. वर्णव्यवस्थेचे शहाणे वकील आजही असाच ताळेबंद मांडतात : ब्राह्मणाला विद्या दिली पण दारिद्र्य आणि कडक आचारही दिला, क्षत्रियाला राज्य दिले पण रणातले मरण दिले, वैश्याला धन दिले पण मान दिला नाही, शूद्राला सेवा दिली पण चिंता दिली नाही. किती सुरेख तोल! अतिशूद्राचे पान या वहीत सापडत नाही, कारण तेथे तोल दाखवायला काही नाही. खेळाच्या कर्त्यांना मी या वकिलांच्या रांगेत बसवीत नाही. त्यांना टेबलावरच्या चार मित्रांत कोणी कंटाळू नये एवढेच हवे होते. पण प्रत्येक शक्तीला उणीव असते आणि प्रत्येक उणिवेच्या मागे कोठेतरी शक्ती असते, ही सवय पाचपाच वर्षे फासे हाताळून ज्याच्या अंगी मुरली, तो वस्तीकडे पाहताना नकळत तेथली दडलेली शक्ती शोधू लागतो. "पण तुम्हाला सवलती आहेत ना" हे वाक्य याच सवयीतून येते.

म्हणूनच मला १९७४चे ते तीन फासे, त्यांच्या सगळ्या आंधळेपणासकट, खातेवहीपेक्षा प्रामाणिक वाटतात. फासा जन्माचे समर्थन करीत नाही. तो म्हणतो, असे पडले. त्यात ना गतजन्माचे पाप, ना या जन्मीचे देणे. जन्म हा अपघात आहे असे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न उघडा पडतो : अपघाताने तीन पडलेल्याला तुम्ही पाण्यावर येऊ द्याल की नाही? महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता, तरी २० मार्च १९२७ रोजी ते पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. उणीव पिणाऱ्यांच्या अंगात नव्हती. ती तळ्याच्या काठावर उभी होती.

हाच धागा धरून त्या विद्यार्थ्यांनी पुढे एक प्रयोग केला. पात्रांच्या कागदावरून सामाजिक कलंक खोडला आणि गावाचा एक स्वतंत्र कागद केला. गावाचे बळ, गावाची संपत्ती, आणि गावाच्या उणिवा : या विहिरीवर अमुकांना बंदी, या देवळात अमुकांना बंदी. एकेका उणिवेने गावाची लढण्याची, पीक काढण्याची, रोगराईला तोंड देण्याची कुवत घटते. चांगला खेळ झाला. मात्र तिसऱ्याच बैठकीत वाद निघाला. गावाची कुवत घटते म्हणून भेदभाव वाईट, असे म्हटले तर ज्या गावाची कुवत भेदभावाने वाढते त्याचे काय? फुकट राबणारे हात असले की गाव श्रीमंतच होते. त्याचे उत्तर त्या कागदावर कोठे लिहायचे हे अजून त्यांचे ठरलेले नाही.

मूळ खेळाचे मालकही स्वस्थ बसलेले नाहीत. २०२० साली, अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले असताना, त्यांनी ऑर्क व ड्रो यांच्या चित्रणाविषयी निवेदन काढले. २०१६च्या पुस्तकात ऑर्कच्या बुद्धीतून दोन गुण वजा केले होते. ती वजाबाकी रद्द झाली. त्याच वर्षी जन्माने मिळणारे गुण हव्या त्या ठिकाणी हलवण्याची मुभा मिळाली. २०२२च्या अखेरीस 'रेस' हा शब्द टाकून 'स्पीशीज' घेण्याचे जाहीर झाले आणि २०२४च्या खेळाडूंच्या पुस्तकात तो आला. ड्रोला आता ऊन बाधत नाही. टीकेला उत्तर म्हणून पुस्तक बदलते, हे आपल्या धर्मग्रंथांच्या अनुभवानंतर मला कमी महत्त्वाचे वाटत नाही.

पण वंशाऐवजी जीवजाती म्हटल्याने दुरावा कमी झाला की वाढला? दोन वंशांची माणसे निदान माणसे होती. आणि हाफ-ऑर्क? तो २०२४च्या पुस्तकात नाही. ऑर्क आहे, माणूस आहे, त्यांच्यामधला नाही. जुन्या पुस्तकातून तो खेळता येतो असे सांगतात. ज्याच्या जन्माने सर्वांत अवघड प्रश्न विचारला होता त्याला उत्तर देण्याऐवजी यादीतून वगळले. संकराची ही अडचण मनूलाही पडली होती. त्याने निदान वगळले नाही, नावे ठेवून खाली बसवले.

वाढीव गुण आता वंशाकडून काढून पूर्वायुष्याकडे दिले आहेत. अशी सोळा पूर्वायुष्ये त्या पुस्तकात आहेत. त्यांत उमराव आहे, लेखनिक आहे, व्यापारी आहे, शेतकरी आहे. सामान नको असेल तर प्रत्येकाला रोख ५० सुवर्णनाणी मिळतात, उमरावाला तेवढीच आणि शेतकऱ्याला तेवढीच. वाढवता येणारे गुण मात्र वेगळे आहेत. उमरावाला बळ, बुद्धी आणि छाप. शेतकऱ्याला बळ, काटकपणा आणि शहाणपण. बुद्धी त्याच्या यादीत नाही. मेलेले ढोर ओढणाऱ्याचे, गटार उपसणाऱ्याचे पूर्वायुष्य मी त्या सोळांत शोधले. ते नाही.